वृक्षांचा मर रोग व त्याच्या कवकाची जनुकीय ओळख

१. ‘मर’ म्हणजे काय?

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास ‘मर’ हा शब्द नवा नाही. तुरीचे व हरभऱ्याचे हिरवेगार दिसणारे झाड चार-आठ दिवसांत माना टाकते, त्याची पाने जागच्या जागी वाळतात आणि उपटून पाहिले असता खोडाच्या आतील भागात काळपट रेघा आढळतात. या विकारालाच शेतकरी ‘मर’ म्हणतो. तुरीवरील मर रोगाचा पद्धतशीर अभ्यास भारतात विसाव्या शतकाच्या आरंभी बिहारमधील पुसा येथे एडविन बटलर या कवकशास्त्रज्ञाने केला व त्या रोगास कारणीभूत असलेल्या कवकाचे १९१० मध्ये ‘फ्युजेरियम उडम’ असे नामकरण केले. वनस्पतीच्या मरणामागे एखादा सजीव असतो, तो शोधून काढता येतो व त्यास नाव देता येते, हे त्या संशोधनाने आपल्या देशापुरते स्पष्ट केले.

तुरीचे पीक एका हंगामाचे असते. ते गेले तर शेतकऱ्याचे एका वर्षाचे उत्पन्न बुडते. परंतु हाच प्रकार आंब्याच्या किंवा डाळिंबाच्या बागेत घडला, तर हानी फार निराळ्या स्वरूपाची होते. फळझाड वाढविण्यास वर्षे लागतात. त्याच्या पहिल्या फळापूर्वीच खड्डे, कलमे, पाणी, कुंपण व राखण यांवर खर्च झालेला असतो. बहुधा त्यासाठी कर्जही काढलेले असते. असे झाड ऐन बहरात वाळून गेले, तर ते पुन्हा उभे करण्यास तितकीच वर्षे जावी लागतात. आणि ज्या मातीत ते मेले त्याच मातीत लावलेले दुसरे झाड जगेलच, याची शाश्वती नसते. म्हणूनच अशा झाडाच्या मरणाचे नेमके कारण कोणते, या प्रश्नाला बागाइतदाराच्या दृष्टीने मोठे महत्त्व असते. प्रस्तुत पाठात या प्रश्नाचे उत्तर शास्त्र कसे मिळवते आणि त्यात जनुकीय परीक्षेचा वाटा कोणता, याचे विवेचन केले आहे.

२. झाड वाळते कसे?

वृक्षाच्या खोडातील काष्ठात अत्यंत बारीक नळ्यांचे जाळे असते. मुळांनी शोषलेले पाणी व त्यात विरघळलेले क्षार याच नळ्यांतून पानांपर्यंत चढतात. पानांतून पाण्याची वाफ होऊन ती सतत बाहेर पडत असते आणि त्या ओढीने खालचे पाणी वर खेचले जाते. विहिरीवरील रहाटाची माळ तुटली म्हणजे जसा पाटच कोरडा पडतो, तसे या नळ्यांतील प्रवाह खंडित झाला म्हणजे पानांचे होते.

मर रोगाचे कवक जखमेतून काष्ठात शिरते. त्याचे सूक्ष्म तंतू नळ्यांलगतच्या जिवंत पेशींतून पसरतात. या आक्रमणास आळा घालण्यासाठी वृक्ष आपल्या परीने प्रतिकार करतो. तो नळ्यांत डिंकासारखे पदार्थ सोडतो, तसेच शेजारच्या पेशी फुग्यांप्रमाणे नळ्यांच्या पोकळीत वाढतात. शत्रूस अडविण्यासाठी उभारलेला हा बांध पाण्याचा मार्गही बंद करतो. परिणामी आरंभी एकाच फांदीची पाने पिवळी पडतात, नंतर दुसऱ्या फांदीची व अखेरीस सबंध झाडाची. मेलेल्या झाडाचे खोड आडवे कापले असता पांढरट लाकडात करड्या-तपकिरी रंगाचे डाग किंवा पट्टे स्पष्ट दिसतात.

येथे एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. पाणी साचून मुळे कुजली, मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी झाल्या, खोडकिड्याने खोड पोखरले किंवा निरनिराळ्या कवकांनी आक्रमण केले, तरी वरून दिसणारे लक्षण थोडेफार सारखेच असते. ज्याप्रमाणे ताप हे एक लक्षण असून त्याची कारणे अनेक असतात, त्याचप्रमाणे झाड वाळणे हेही एक लक्षण आहे. लक्षणावरून औषध ठरविणारा वैद्य व बागाइतदार या दोघांचीही फसगत होण्याचा संभव असतो.

३. डाळिंबाच्या बागांतील उदाहरण

या विषयाचे महाराष्ट्रातील सर्वांत जवळचे उदाहरण डाळिंबाचे आहे. सोलापूर, नाशिक, सांगली, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अवर्षणप्रवण भागास डाळिंबाने फार मोठा आधार दिला. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये आळंदीच्या डाळिंबांतून निवडलेला वाण पुढे ‘गणेश’ या नावाने प्रसिद्धीस आला. त्यानंतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘भगवा’ हा वाण सर्वत्र पसरला. या पिकाचे महत्त्व ओळखून २००५ मध्ये सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची स्थापना झाली.

डाळिंबाची मर १९९० च्या सुमारास प्रथम कर्नाटकातील विजापूर भागात, म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेलगत, लक्षात आली व नंतर महाराष्ट्रातील बागांतही ती आढळू लागली. भारतातील डाळिंबाच्या या मर रोगास ‘सेराटोसिस्टिस फिंब्रियाटा’ हे कवक कारणीभूत असल्याची नोंद १९९९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कित्येक बागांत फ्युजेरियम वर्गातील कवकही रोगग्रस्त मुळांत आढळते. मुळांच्या गाठी करणारे सूत्रकृमी व खोडास टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पाडणारे भुंगेरे कवकास प्रवेशद्वार उपलब्ध करून देतात.

या रोगाच्या प्रसारास बागेची रीतही काही अंशी साहाय्यभूत झाली. डाळिंबाची लागवड प्रायः गुटी कलमाने होते. फांदीची साल काढून, त्या जागी ओलसर शेवाळ बांधून मुळे फुटू दिली जातात व ती फांदी तोडून लावली जाते. अशी सर्व झाडे मूळ झाडाची हुबेहूब प्रत असतात. गोडी, रंग व आकार यांत ती सारखी असतात, त्याचप्रमाणे रोगास बळी पडण्यातही सारखी असतात. शिवाय मातृवृक्ष किंवा रोपवाटिकेतील माती आतून दूषित असली, तर रोपासोबत रोगही नव्या गावी जातो. खरेदीच्या दिवशी रोप टवटवीत असते. त्यात दडलेला शत्रू कित्येक महिन्यांनी प्रकट होतो.

४. जुनी परीक्षा: सूक्ष्मदर्शक, गाजर व कॉखचे नियम

सेराटोसिस्टिस फिंब्रियाटा या कवकाचे प्रथम वर्णन १८९० मध्ये अमेरिकेत झाले. न्यू जर्सी राज्यात रताळ्यांवर पडणाऱ्या काळ्या कुजीचा अभ्यास करताना एलिस व हॅल्स्टेड यांनी त्यास हे नाव दिले. सूक्ष्मदर्शकाखाली या कवकाची काही अंगे चटकन ओळखू येतात. त्याची फलपिंडे काळी, तळाशी गोल व वर लांब मान असलेली, अशी जणू इवल्या सुरईसारखी असतात. मानेच्या टोकाशी चिकट थेंब जमतो व त्यात टोपीच्या आकाराचे असंख्य बीजाणू असतात. याखेरीज नळीत तयार होऊन एकामागून एक बाहेर पडणारे दंडगोलाकार बीजाणू आणि जाड भित्तीचे तपकिरी बीजाणूही ते निर्माण करते. जाड भित्तीमुळे हे शेवटचे बीजाणू लाकडात, मातीत व भुंगेऱ्यांनी पोखरून टाकलेल्या भुशात दीर्घकाळ टिकून राहतात. कवक वाढत असताना पिकलेल्या केळ्यासारखा गोड वास येतो. असा वास कीटकांना आकर्षित करतो व तेच कीटक पुढे कवकाचे वाहक बनतात.

रोगट लाकडातून हे कवक वेगळे काढण्याची एक सोपी युक्ती आहे. गाजराच्या दोन ताज्या चकत्यांमध्ये डागाळलेल्या लाकडाचे बारीक तुकडे ठेवून त्या बांधून ओलसर जागी ठेवतात. आठवडा-दहा दिवसांत चकत्यांवर काळ्या मानांची फलपिंडे उगवलेली दिसू लागतात. लाकडातील इतर अनेक कवकांना गाजर तितकेसे मानवत नाही. सेराटोसिस्टिसला मात्र ते फार आवडते. मोलर व डीव्हे या संशोधकांनी १९६८ मध्ये वर्णिलेली ही पद्धत आजही प्रयोगशाळांत वापरली जाते.

परंतु मेलेल्या झाडात एखादे कवक सापडले एवढ्यावरून तेच मारेकरी ठरत नाही. प्रेताजवळ आढळलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. मेलेल्या लाकडावर उपजीविका करणारी कवकेही तेथे नंतर येऊन वस्ती करतात. यासाठी जर्मन शास्त्रज्ञ रोबर्ट कॉख यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले चार नियम पाळावे लागतात. संशयित सूक्ष्मजीव प्रत्येक रोगी झाडात सापडला पाहिजे. तो वेगळा काढून शुद्ध स्वरूपात वाढविता आला पाहिजे. त्याची निरोगी रोपावर लागण केली असता तोच रोग उद्भवला पाहिजे. आणि त्या रोपातून तोच सूक्ष्मजीव पुन्हा हाती आला पाहिजे. जनुकीय परीक्षा कितीही प्रगत झाली, तरी या चार पायऱ्यांना पर्याय नाही.

५. रूपावरून होणारी फसवणूक

मग नवी परीक्षा कशाला हवी? याचे कारण असे की, कवकांचे रूप त्यांच्या कुळाची पुरती साक्ष देत नाही. सेराटोसिस्टिस वंशातील अनेक जातींची फलपिंडे व बीजाणू इतके सारखे असतात की, तज्ज्ञालाही ते केवळ पाहून वेगळे करता येत नाहीत. एकेकाळी रताळे, कोको, कॉफी, रबर, अंजीर, चिनार व आंबा अशा नाना वनस्पतींवरील कवके एकाच नावाखाली गणली जात. प्रत्यक्षात त्यांतील काहींचे वंश परस्परांपासून दीर्घकाळ दुरावलेले होते. कोकोवरील कवक रताळ्यावर रोग उत्पन्न करीलच असे नाही. म्हणजे नाव एक, परंतु जीव अनेक, अशी स्थिती होती. एकसारखे दिसणारे दोन भाऊ नसून दोन निराळ्या घराण्यांतील माणसे आहेत, हे सिद्ध करण्यास चेहऱ्याहून खोल जाणारा पुरावा हवा होता. तो आनुवंशिक द्रव्याने दिला.

६. आनुवंशिक लिपी व तिचे वाचन

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचे सूत्रासारखे रसायन असते. १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी त्याची पिळदार दुहेरी रचना स्पष्ट केली. या सूत्रावर चारच प्रकारचे घटक ओळीने गुंफलेले असतात: ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन. त्यांना येथे अनुक्रमे अ, थ, ग व स म्हणू. बाराखडीतील अक्षरांच्या क्रमाने जसे शब्द बनतात, तसे या चार अक्षरांच्या क्रमाने सजीवाच्या घडणीचे आदेश लिहिलेले असतात. सेराटोसिस्टिस फिंब्रियाटाची संपूर्ण लिपी सुमारे तीन कोटी अक्षरांची असून तिचा पहिला मसुदा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

ओळख पटविण्यासाठी सर्व लिपी वाचण्याची गरज नसते. योग्य असे एखादे पान निवडले तरी पुरते. कवकांच्या बाबतीत असे एक सोयीचे पान ‘आयटीएस’ या नावाने ओळखले जाते. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या यंत्रणेचे, म्हणजे रायबोसोमचे, घटक बनविणारी जनुके एका ओळीत असतात आणि त्यांच्या मधोमध काही जोडपट्ट्या असतात. दोन्ही बाजूंची जनुके फार सावकाश बदलतात, म्हणून ती जवळजवळ सर्व कवकांत सारखी सापडतात. मधल्या जोडपट्ट्या मात्र त्या मानाने लवकर बदलतात, म्हणून जाती-जातींत त्यांत फरक पडतो. जुन्या वाड्याचे दगडी खांब तसेच राहावेत व मधल्या भिंतींचा रंग प्रत्येक पिढीने बदलावा, तसा हा प्रकार आहे. खांबांवरून जागा सापडते व भिंतींवरून घराणे ओळखता येते. २०१२ मध्ये कवकांच्या ओळखीचे प्रमुख चिन्ह म्हणून या पट्ट्यांना मान्यता मिळाली.

प्रयोगशाळेतील कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. प्रथम शुद्ध वाढविलेल्या कवकाचे तंतू वाटून त्यातील प्रथिने व मेद दूर करतात आणि डीएनए वेगळे काढतात. ते अत्यल्प असते, म्हणून हव्या त्या भागाच्या असंख्य प्रती काढाव्या लागतात. यासाठी कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये कल्पिलेली ‘पीसीआर’ ही प्रक्रिया वापरतात. तिच्याबद्दल त्यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. नळीतील द्रव सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविला असता डीएनएचे दोन धागे सुटतात. तापमान ५५ अंशांच्या आसपास आणले असता मुद्दाम तयार केलेले छोटे आरंभक-तुकडे दोन्ही ‘खांबांना’ जाऊन चिकटतात. ७२ अंशांवर एक विकर त्या तुकड्यांपासून पुढे नवा धागा गुंफतो. हा विकर उष्ण पाण्याच्या झऱ्यांतील जीवाणूपासून मिळविलेला असल्यामुळे त्या उष्णतेतही टिकतो. एका आवर्तनात एकाच्या दोन प्रती होतात, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात आठ. याच हिशेबाने ३० आवर्तने पूर्ण झाल्यावर एका तुकड्याच्या एकशे सात कोटींहून अधिक प्रती मिळू शकतात. बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाच्या दाण्यांची गोष्ट ज्यांनी ऐकली असेल, त्यांना या वाढीचे नवल वाटणार नाही.

त्यानंतर या प्रतींतील अक्षरांचा क्रम वाचला जातो. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये शोधलेली पद्धत, यंत्रांच्या साहाय्याने सुधारून, या कामी अद्यापि वापरात आहे. वाचलेला क्रम मग जगभरच्या संशोधकांनी सार्वजनिक संग्रहांत जमा केलेल्या क्रमांशी ताडून पाहतात. ही तुलना कशी असते, हे पुढील काल्पनिक उदाहरणावरून ध्यानात येईल.

नमुना: गअसथ थगअस गगथअ
ज्ञात कवक ‘क’: गअसथ थगअस गगथअ
ज्ञात कवक ‘ख’: गअसथ सगअस गअथअ

नमुन्याची बाराही अक्षरे ‘क’शी जुळतात. ‘ख’शी मात्र पाचव्या व दहाव्या स्थानी फरक पडतो. प्रत्यक्षात अशी बारा नव्हे, तर पाचशेच्या आसपास अक्षरे ताडली जातात आणि फरकांच्या संख्येवरून वंशवृक्ष रेखाटला जातो. जवळच्या फांदीवरील कवके निकटची आप्त आणि दूरच्या फांदीवरील कवके दूरची, असा त्याचा अर्थ होतो.

७. आंब्याचा खटला

आंबा हा मूळचा दक्षिण आशियातला. पोर्तुगिजांच्या जहाजांतून तो ब्राझीलला पोहोचला. तेथील रेसिफे शहराच्या परिसरात १९३० च्या दशकात आंब्याची झाडे वाळू लागली व पुढे या रोगाचे कारण सेराटोसिस्टिस फिंब्रियाटा असल्याचे निश्चित झाले. आंब्याच्या सालीखाली राहणारा एक बारीक भुंगेरा त्याचा वाहक ठरला. हा भुंगेरा आंब्याचाच जुना सोबती आहे आणि आंब्यामागून जगभर फिरला आहे. कवक मात्र दक्षिण अमेरिकेचे. याचा पुरावाही आनुवंशिकच आहे. ब्राझीलमधील नमुन्यांत जनुकीय विविधता विपुल आढळते, आणि जेथे एखाद्या जीवाची विविधता सर्वाधिक, तेथे तो दीर्घकाळापासून नांदत असावा, असा नियम सामान्यतः मानला जातो. आंब्याने घर सोडले व परदेशी त्याची अशा शत्रूशी गाठ पडली की, ज्याच्याशी झुंजण्याचा त्याच्या पूर्वजांना सराव नव्हता.

१९९८ मध्ये ओमानच्या अल् बातिना किनारपट्टीवरील आंबे अकस्मात वाळू लागले. पाकिस्तानातील बागांतही तसाच रोग फैलावला होता. आरंभी रोगट झाडांत अनेक कवके सापडत असल्याने कारणाविषयी गोंधळ होता. लागणीच्या प्रयोगांनंतर सेराटोसिस्टिसकडे बोट दाखविले गेले. पुढे तीन निरनिराळ्या जनुकीय भागांची तुलना करून २००७ मध्ये ओमान व पाकिस्तानातील कवकास ‘सेराटोसिस्टिस मँजिनेकान्स’, म्हणजे आंबा मारणारे, असे स्वतंत्र जातिनाम देण्यात आले. त्या नमुन्यांत परस्परांत जवळजवळ फरकच नव्हता. यावरून एकाच वंशाचे कवक अलीकडच्या काळात बाहेरून आले व एकाच बीजापासून सर्वत्र पसरले, असे अनुमान निघते.

तथापि वाद तेथे संपला नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अन्य संशोधकांनी ब्राझीलमधील आंब्यांवरील पुष्कळ नमुने तपासून असे मांडले की, या नव्या ‘जाती’ वस्तुतः सेराटोसिस्टिस फिंब्रियाटाचेच निरनिराळे वंशभेद आहेत. त्यांच्या मताने आयटीएसवर फार भिस्त ठेवणे धोक्याचे होते. कारण या कवकाच्या एकाच नमुन्यात त्या पट्टीचे दोन निरनिराळे पाठ एकत्र नांदताना आढळले होते. ज्या पानावरून घराणे ठरवायचे, त्या पानाच्याच दोन प्रती एका घरात निघाव्यात, तसा हा प्रसंग होता. दुसरा पक्ष स्वतंत्र जाती मानणे योग्य समजतो. शास्त्रातील असे मतभेद हे दुर्बलतेचे लक्षण नसते. पुरावा वाढला म्हणजे नावाचीही पुन्हा तपासणी होते, एवढेच त्यावरून दिसते. रोगाचे कारण या वंशाचे कवक आहे, याविषयी मात्र दोन्ही पक्षांत एकमत आहे.

भारतातही हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. उत्तर प्रदेशातील आंब्याच्या मर रोगास सेराटोसिस्टिस फिंब्रियाटा कारणीभूत असल्याचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

८. नाव कळल्याने काय साधते?

मेलेले झाड नावाने जिवंत होत नाही, हे खरे. परंतु शेजारचे झाड वाचविणे हे पुष्कळ अंशी नावावर अवलंबून असते. मर पाण्याच्या निचऱ्याअभावी झाली असेल, तर चर खणणे हा उपाय आहे. ती सेराटोसिस्टिसमुळे झाली असेल, तर नुसते चर खणून भागत नाही. रोगी झाड मुळांसह काढून बागेबाहेर जाळणे, छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करणे, एका झाडाचे पाणी दुसऱ्याकडे वाहू न देणे व भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करणे आवश्यक ठरते. कारण न ओळखता औषधे ओतत राहिल्यास पैसा जातो, माती बिघडते व रोग मात्र पुढे सरकत राहतो.

दुसरा लाभ प्रतिकारक्षम खुंटांच्या निवडीत आहे. ब्राझीलमध्ये ‘जास्मिम’ हा आंब्याचा खुंट एके काळी या रोगास दाद न देणारा मानला जात असे. पुढे कवकाच्या निराळ्या वंशभेदापुढे तोही टिकला नाही. म्हणून खुंटाची परीक्षा करताना कोणत्या वंशभेदाविरुद्ध ती केली, हे सांगणे अगत्याचे असते. अन्यथा एका प्रांतात यशस्वी ठरलेले कलम दुसऱ्या प्रांतात बळी पडावयाचे.

तिसरा लाभ वनस्पती-संगरोधाचा, म्हणजे रोगट मालास सीमेवरच अडविण्याचा आहे. हवाई बेटांवरील ‘ओहिया’ या देशी वृक्षाचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. २०१४ मध्ये तेथील मोठ्या प्रमाणावरील मरणामागे सेराटोसिस्टिस असल्याचे कळले. आरंभी ते एकच कवक समजले गेले. जनुकीय तुलनेने ती दोन निराळी कवके असल्याचे सिद्ध झाले व २०१८ मध्ये त्यांना दोन स्वतंत्र नावे मिळाली. त्यांतील एक झपाट्याने मारते व दुसरे सावकाश. दिसण्यात एक असलेल्या या दोन रोगांवर लक्ष ठेवण्याच्या रीती त्यामुळे वेगळ्या ठरविता आल्या.

महाराष्ट्रातील फळबागांच्या दृष्टीने यातील बोध साधा आहे. कोकणातील हापूस व सोलापूरचे भगवा डाळिंब ही दोन्ही कलमांवर जगणारी पिके आहेत. एका उत्तम झाडाच्या लक्षावधी प्रती करण्यात त्यांचे वैभव आहे व त्यातच त्यांचा धोका आहे. रोप विकत घेताना त्याची पाने पाहणे पुरेसे नाही. त्याची रोपवाटिका व मातृवृक्ष तपासलेले आहेत किंवा नाहीत, हे विचारणे बागाइतदाराचा हक्क आहे. जनुकीय परीक्षेमुळे रोपातील सुप्त रोगही लक्षणांपूर्वी हुडकता येतो.

९. परीक्षेच्या मर्यादा

जनुकीय परीक्षेविषयी दोन सावधगिरीच्या सूचना अवश्य द्याव्या लागतात. पहिली अशी की, ही परीक्षा कवकाची उपस्थिती सांगते, अपराध सिद्ध करीत नाही. मृत कवकाचे डीएनएही काही काळ लाकडात राहू शकते. अपराधाचा निर्णय लागणीच्या प्रयोगानेच होतो. दुसरी अशी की, तुलनेचा संग्रह जितका विश्वसनीय, तितकेच उत्तर विश्वसनीय. संग्रहात एखाद्या क्रमावर चुकीचे नाव पडलेले असेल, तर ती चूक पुढील प्रत्येक तुलनेत उतरते. म्हणून शोधलेल्या कवकाचा जिवंत नमुना जतन करून ठेवणे आवश्यक असते, जेणेकरून पुढील संशोधकास तो पुन्हा तपासता यावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असा राष्ट्रीय कवक-संग्रह आहे.

गाजराची चकती, सूक्ष्मदर्शक, निरोगी रोपावरील लागण व अक्षरांची तुलना ही चार साधने परस्परांची जागा घेत नाहीत, तर एकमेकांच्या साक्षीची छाननी करतात. या चौघांची साक्ष एकत्र जुळली म्हणजे मगच झाडाच्या मरणाचे कारण निश्चित झाले, असे मानावे.

स्वाध्याय

१. झाडाने कवकास अडविण्यासाठी केलेला उपाय त्याच्याच जिवावर कसा बेततो?
२. गुटी कलमाने केलेल्या लागवडीचा एक लाभ व एक धोका सांगा.
३. पाठातील काल्पनिक उदाहरणात नमुना व कवक ‘ख’ यांत आणखी एका स्थानी फरक आढळला असता, तर वंशवृक्षात त्यांचे अंतर वाढले असते की घटले असते?
४. एका तुकड्यापासून आरंभ करून दहा आवर्तनांनंतर किती प्रती होतील, ते मोजा.
५. आपल्या गावातील वाळलेल्या फळझाडाची छाटलेली फांदी आडवी कापून तिचे निरीक्षण करा. काष्ठात डाग आढळल्यास त्यांचे चित्र काढा. त्यावरून कोणते अनुमान काढता येते व कोणते काढता येत नाही, ते लिहा.